पोटावरचे वळ: सातवा लागला आणि रेघा उठायला लागल्या

अबोली_२७

नमस्कार मंडळी. मी मूळची रत्नागिरीची, सध्या पनवेलला. २८वा आठवडा चालू आहे, पहिलीच खेप. गेल्या सोमवारी आंघोळीनंतर बेंबीच्या खाली डाव्या अंगाला तीन जांभळट रेघा दिसल्या. आज सकाळी अकरा होत्या. उभ्या, किंचित वाकड्या, सगळ्यात लांब माझ्या करंगळीएवढी. बोट फिरवलं की तिथली कातडी मऊ आणि खोलगट लागते. जुन्या पातळाची वीण विरत आली की हाताला लागते ना, अगदी तशी.

घरात जितकी माणसं तितकी मतं. सासूबाई म्हणतात, "खाजवलंस म्हणून वळ उठले." आई फोनवर म्हणाली, "माझ्या कमरेवर अजून आहेत, तुझ्या वेळचे." जाऊबाईंनी चौथ्या महिन्यात एक महागडं तेल आणून दिलं होतं. एक दिवस न चुकवता सकाळ-रात्र लावतेय, तिसरी बाटली चालू आहे. तरी आलेच. काल रात्री बाथरूमचं दार लावून रडले. बाळ छान आहे, सोनोग्राफी नॉर्मल, साखर नॉर्मल, मग एवढ्याशा गोष्टीवरून रडायचं का, असंही वाटतं. पण माझं कुठे काही चुकलं का, ते कोणीतरी सांगा. आणखी येऊ नयेत म्हणून काही करता येतं का? आलेले जातात का? आणि खाज फार आहे.

रानजाई

अबोली, आधी डोळे पूस. मला दोन्ही वेळा आले, मांड्यांपर्यंत. थोरली आता नऊ वर्षांची आहे. रेघा आहेत, पण रंग इतका उतरलाय की दिवा तिरपा पडल्याशिवाय दिसत नाहीत. तुझं काहीही चुकलेलं नाही. आणि रडू आलं तर रडावं, त्यात एवढंसं-तेवढंसं काही नसतं.

पूर्वा_ठाणे

वाचतेय. मला पाचवा आहे, अजून काही नाही, पण धास्ती आहेच.

नीलमोहर

मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, नाशिकला प्रॅक्टिस करते. अबोली, तू पातळाच्या विणीचं जे लिहिलंस, ते नेमकं आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

आपल्या कातडीचा वरचा थर पातळ असतो. त्याच्या खाली जाड थर असतो, तिथे कोलॅजन आणि इलॅस्टिनच्या तंतूंचं विणकाम असतं. स्ट्रेच मार्क हा वरच्या थराला पडलेला चरा नाही. वरचा थर शाबूत राहतो, खालची वीण विरते. आधी तिथल्या रक्तवाहिन्या दिसतात म्हणून रेघ लाल-जांभळी दिसते, आपल्या सावळ्या वर्णात कधी करडी-तपकिरीही. पुढे महिन्यांनी, वर्षांनी ती पांढुरकी होते. तिथे पोट ताणलं जातं हे एक कारण झालं. पण नुसत्या ताणाने सगळं होत असतं, तर नऊ महिन्यांचं पोट असलेल्या प्रत्येकीला सारखेच वळ उठले असते. गरोदरपणातले हार्मोन्स हे तंतू सैलावतात, आणि ते किती सैलावणार हे बरंचसं आईकडून आलेलं असतं. तुझ्या आईने फोनवर जे सांगितलं, तेच या प्रश्नाचं सगळ्यात मोठं उत्तर आहे.

आणखी एक गोष्ट ऐकून बायकांना आश्चर्य वाटतं. वय जितकं कमी, तितके वळ येण्याची शक्यता जास्त. विशीतल्या पहिलटकरणीला ते तिशीतल्या बाईपेक्षा जास्त येतात. वजन भराभर वाढलं, बाळ मोठं असलं, जुळी असली, पाणी जास्त असलं, तरीही शक्यता वाढते. साधारणपणे सहावा-सातवा महिना लागला की दिसायला लागतात. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना येतातच.

आता तेलाचं. तेल वरच्या थरात मुरतं. वीण विरतेय ती त्याच्या खाली. २०१२मध्ये कॉक्रेन या संस्थेने तोवरच्या सगळ्या चांगल्या चाचण्या एकत्र तपासल्या. सहा चाचण्या, ८०० बायका. कुठल्याही क्रीम-तेलाने वळ रोखले जातात याचा भक्कम पुरावा मिळाला नाही. कोको बटरचं नाव फार मोठं आहे. त्याची चाचणी लेबनॉनमध्ये झाली, जमैकामध्ये झाली, दोन्हीकडे साध्या क्रीमपेक्षा काही फरक नाही. ऑलिव्ह तेलाचं तेच. तुर्कस्तानात १४१ पहिलटकरणींवर बदामतेलाचा एक अभ्यास झाला. नुसतं तेल लावणाऱ्या आणि काहीच न लावणाऱ्या, दोन्ही गटांत पाचांत साधारण दोघींना वळ आले. तेल लावून पंधरा मिनिटं हळुवार मालीश करणाऱ्यांत पाचांत एकीला. म्हणजे काही असलंच तर ते हातात असावं, बाटलीत नाही. अभ्यास छोटा आहे, त्यावरून मी कोणाला वचन देत नाही. पण करायचंच असेल, तर घरातलं खोबरेल घे आणि स्वतःच्या हाताने हलकं मालीश कर. पोटावर जोर नको, दाबून चोळायचं नाही. चौथ्या बाटलीचे पैसे वाचव.

खाजवल्याने स्ट्रेच मार्क उठत नाहीत. नखाने ओरखडे उठतात, ते काळे पडतात, त्यात जंतूही शिरतात, म्हणून खाजवू नये एवढंच. सासूबाईंना हे प्रेमाने सांग.

गोदाकाठ

डॉक्टर मॅडम, फार मनापासून लिहिलंत. मी साठीची आहे, तीन बाळंतपणं झाली, दोन सुनांची केली. आमच्या वेळी याला नावही नव्हतं. डोहाळजेवणाला फुलांची वाडी भरायची, त्या दिवशी साडी नेसवताना थोरल्या जाऊबाईंना माझे वळ दिसले. त्यांनी आपला पदर बाजूला करून स्वतःचे दाखवले. एवढंच. मला अजून आठवतं, किती हलकं वाटलं होतं.

अबोली, कोकणातली आहेस तर मुठेल माहीत असेल. आमचं माहेर कुडाळकडे. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, बिया वाळवून, कुटून, उकळून वर आलेला मेणचट थर काढायचा आणि मुठीत दाबून गोळे करायचे. थंडीत दगडासारखे घट्ट असतात, पण हाताच्या उबेने हळूहळू मऊ होतात. आजी टाचांच्या भेगांना लावायची. पोटाला लावायला काही हरकत आहे का डॉक्टर?

नीलमोहर

हरकत काही नाही काकू. कातडी मऊ राहील, कोरडेपणाची खाज कमी होईल. वळ थांबतील म्हणून मात्र लावू नका. आंघोळ कोमट पाण्याने करावी, डाळीच्या पिठाने किंवा कडक साबणाने पोट घासू नये, आणि अंग ओलसर असतानाच तेल किंवा साधं मॉइश्चरायझर लावावं. खाजेला याने खरोखर आराम पडतो.

वैद्य_कृष्णाकाठ

मी आयुर्वेदाची पदवी घेतलेला वैद्य, वाईजवळ दवाखाना आहे. आपल्याकडे या तक्रारीला फार जुनं नाव आहे: किक्किस. चरकसंहितेच्या शारीरस्थानात, आठव्या अध्यायात, गर्भिणीच्या महिन्यागणिक काळजीच्या ओघात सातव्या महिन्याखालीच ते येतं. त्यातला एक संवाद मला फार आवडतो. तिथे म्हटलंय की या महिन्यात आईला जळजळ होते, ती बाळाला केस येत असल्यामुळे, असं स्त्रिया म्हणतात. आणि लगेच पुढे: भगवान आत्रेय म्हणतात, तसं नाही. गर्भ वाढून दोष वर छातीकडे ढकलले जातात, त्यातून जळजळ, जळजळीतून खाज, आणि खाजेतून किक्किस. छातीत जळजळतंय म्हणजे बाळाला जावळ भरपूर, हे आजही घरोघरी म्हणतात. त्या वेळीही म्हणत होते, आणि त्या वेळीही वैद्य "तसं नाही" म्हणत होते.

उपाय म्हणून पोटाला आणि छातीला चंदन व कमळाच्या देठाचा लेप सांगितलाय, खाण्यात गोड, हलकं, कमी मीठ आणि कमी स्निग्ध. खाज आली तरी खाजवू नये, कातडी फाटून विद्रूप होते. अगदीच सहन झालं नाही तर चोळावं, असंही स्पष्ट म्हटलंय. पण इथे हात जोडून सांगतो, ग्रंथ वाचून घरी लेप करू नका. त्या यादीत कण्हेरही आहे, आणि कण्हेर विषारी आहे. बाजारात चंदन म्हणून मिळणारी पूड कशाची असते, हे मीही खात्रीने सांगू शकत नाही. शिवाय गरोदर बाईने मीठ तोडणं वगैरे आपल्या मनाने करू नये.

मृण्मयी_कोल्हापूर

सगळे वळांबद्दल बोलताहेत, मला खाजेबद्दल बोलायचं आहे. अबोली, खाज नक्की कुठे आहे? तळहातांना, तळपायांना आहे का? रात्री वाढते का? लघवी गडद होते का? कृपया आजच उत्तर दे.

का विचारतेय ते सांगते. दुसऱ्या वेळी मला ३३व्या आठवड्यात खाज सुरू झाली. अंगावर पुरळ नाही, काही नाही. रात्री दोन वाजता उठून दाराबाहेर जायचे आणि काथ्याच्या पायपुसण्यावर तळवे घासत उभी राहायचे. नवरा घाबरून मागे यायचा. एका सकाळी पायपुसण्यावर रक्ताचे ठिपके दिसले, तेव्हा मला कळलं की मी किती जोरात घासतेय. तपासणीला सांगितलं, तर उत्तर मिळालं, "पोट ताणतंय, तेल लावा." मी तेल लावलं. दहा दिवस लावलं. त्या दहा दिवसांचा मला आजही राग आहे. शेवटी मावशीच्या ओळखीने दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी पोट पाहायच्या आधी तळहात पाहिले आणि रक्त तपासायला पाठवलं. रक्तातलं बाइल अॅसिड वाढून ६२ आलं. यकृतातून पित्त नीट वाहत नव्हतं. औषध सुरू झालं, दर आठवड्याला रक्त, बाळाच्या हालचालींवर लक्ष, आणि ३७ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणवल्या. मुलगा ठणठणीत आहे. पण हे फार वाढलं तर पोटातल्या बाळाच्या जिवाला धोका असतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. "पोट ताणतंय" या दोन शब्दांत सगळं झाकलं जातं.

नीलमोहर

मृण्मयीने लिहिलेला शब्द न् शब्द वाचा. मीही हेच विचारणार होते. पुरळ नसताना खाज, त्यातही तळहात-तळपाय, त्यातही रात्री: यकृताची तपासणी आणि बाइल अॅसिड दोन्ही करून घ्यायचं. एकदा नॉर्मल आलं आणि खाज चालूच राहिली, तर पुन्हा करायचं. हा आकडा १००च्या वर गेला की बाळाचा धोका स्पष्टपणे वाढतो, म्हणून बाळंतपण केव्हा करायचं ते त्या आकड्यावरूनही ठरतं.

अबोली_२७

मृण्मयी, वाचून अंगावर काटा आला. माझ्या हातापायांना खाज नाही. फक्त पोटावर आहे, आणि आता नीट पाहिलं तर त्या रेघांवरच बारीक लाल फोड्या आल्यात, तांदळाच्या कणीएवढ्या. दोन दिवसांत मांड्यांवरही उतरल्यात. बेंबीभोवती मात्र अगदी स्वच्छ आहे, गोल काढल्यासारखं.

नीलमोहर

बेंबी सोडून वळांवरच फोड्या, पहिली खेप, शेवटची तिमाही: हे वर्णन गरोदरपणातल्या एका पुरळाचं आहे, पॉलिमॉर्फिक इरप्शन म्हणतात. जीव नको करणारी खाज असते, पण बाळाला त्याचा त्रास नसतो, आणि बाळंतपणानंतर काही आठवड्यांत आपोआप जातं. तरी न पाहता निदान करणं बरोबर नाही. उद्याच दाखव, आणि रक्ताच्या त्या दोन तपासण्याही सांग. बेंबीभोवती पुरळ आलं किंवा पाण्याचे मोठे फोड उठले, तर वाट पाहू नकोस. तो वेगळा, दुर्मीळ आजार असतो आणि त्यात बाळावरही लक्ष ठेवावं लागतं.

कार्तिकी_ज

एक विनंती. खाजेला मेडिकलमधून मनाने ट्यूब आणू नका. माझ्या धाकट्या बहिणीने जांघेतल्या गजकर्णाला तीन महिने अशीच एक ट्यूब लावली. चिठ्ठी नव्हती, मागितली आणि मिळाली. गजकर्ण पसरलं आणि जांघेत बोटभर रुंदीचे लाल वळ उठले. ती गरोदर नव्हती, जाड नव्हती, एकवीस वर्षांची होती.

नीलमोहर

त्या ट्यूबमध्ये तीव्र स्टेरॉइड असणार. ते कातडीच पातळ करतं. जांघ, काख, स्तनांखालची जागा ही कातडी मुळात नाजूक. हे वळ माझ्याकडे आठवड्याला दिसतात. म्हणजे वळावरची खाज घालवायला लावलेल्या ट्यूबमधून नवे वळ येऊ शकतात. अबोलीच्या पुरळाला डॉक्टर सौम्य स्टेरॉइड देतील कदाचित, मोजके दिवस, ते चालतं. फरक कोणतं, किती आणि किती दिवस याचा आहे.

अबोली_२७

आज दाखवून आले. पॉलिमॉर्फिक इरप्शनच. यकृताचं नॉर्मल, बाइल अॅसिड नॉर्मल. कॅलामाइन दिलंय, एक सौम्य क्रीम सात दिवसांसाठी आणि रात्रीची एक गोळी. आज किती दिवसांनी सलग चार तास झोपले. मृण्मयी, तू विचारलं नसतंस तर मी तेलच लावत बसले असते.

सासूबाईंना नीलमोहर यांचं वाचून दाखवलं. त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी स्वतःच बर्फाच्या पाण्यात पंचा भिजवून, पिळून माझ्या पोटावर ठेवला.

गोदाकाठ

बाई गं. माझा नमस्कार सांग त्यांना.

पूर्वा_ठाणे

वजनाचा प्रश्न. कमी खाल्लं तर वळ कमी येतील का? मी पोळ्या निम्म्यावर आणल्यात.

नीलमोहर

पूर्वा, आजच्या आज पोळ्या पूर्ववत कर. वजन हळूहळू आणि सारखं वाढावं, एवढंच हवं. गरोदरपणाआधी वजन उंचीच्या मानाने ठीक असेल, तर नऊ महिन्यांत साडेअकरा ते सोळा किलो वाढणं अमेरिकेतल्या शिफारशीनुसार योग्य धरतात. आपल्याकडच्या बहुतेक डॉक्टर दहा-बारा किलो सांगतात. तुझा आकडा तुझ्या डॉक्टरांना विचार. वळांच्या भीतीने बाळाचं अन्न कमी करायचं नाही.

सायंतारा

माझं बाळंतपण होऊन तीन वर्षं झाली. वळ पांढरे झालेत. पार्लरमध्ये सुयांचा रोलर फिरवून देतो म्हणतात. करू का?

नीलमोहर

पार्लरमध्ये अजिबात नको, आणि ऑनलाइन मागवून घरीही नको. निर्जंतुक नसलेल्या सुया पोटावर फिरवल्या की जंतुसंसर्ग होतो, डाग पडतात.

उपचार रंगावर ठरतो. लाल-जांभळे असतात तेव्हा उपचाराला जास्त दाद देतात. त्या टप्प्यावर ट्रेटिनॉइन क्रीमचा थोडा उपयोग होतो, किंवा लालीवर चालणारा लेझर. पण ट्रेटिनॉइन गरोदरपणात वापरायचं नाही. अंगावर पाजत असाल किंवा पुन्हा दिवस राहायची शक्यता असेल, तर आधी डॉक्टरांशी बोलायचं. पांढऱ्या वळांना फ्रॅक्शनल लेझर, म्हणजे बारीक ठिपक्यांत चालणारा लेझर, किंवा दवाखान्यात निर्जंतुक सुयांनी केलेलं मायक्रोनीडलिंग. चार-सहा बैठका लागतात. खोलगटपणा कमी होतो, पोत सुधारतो, वळ पुसले जात नाहीत. आणि आपल्या वर्णाला लेझरनंतर काळे डाग पडायचा धोका गोऱ्या कातडीपेक्षा जास्त असतो, म्हणून ताकद कमी ठेवून, आधी छोट्या जागेवर करून पाहणारा डॉक्टर निवडायचा. शंभर टक्के घालवतो म्हणणाऱ्याकडून उठून यायचं.

दुसरं मूल हवं असेल तर ते झाल्यावरच खर्च करा. आणि पोट सैल, पुढे आलेलं वाटत असेल, तर प्रत्येक वेळी दोष कातडीचा नसतो. मधले स्नायू एकमेकांपासून दुरावलेले असतात. त्याला फिजिओथेरपिस्टने शिकवलेला व्यायाम लागतो, तिथे क्रीमचं काही काम नाही.

माधव_सांगली

पुरुषाने इथे लिहावं की नाही कळत नाही. बायकोला आठवा आहे. माझ्यासमोर कपडे बदलायची बंद झालीय. मला खरंच काही फरक पडत नाही, असं सांगितलं तर आणखी चिडली. काय बोलू?

मृण्मयी_कोल्हापूर

"फरक पडत नाही" म्हणू नका, तिला पडतोय. काही न बोलता रात्री तेल घ्या आणि पाठीला, पायांना मालीश करा. तिने हात धरून पोटावर ठेवला तर पोटालाही. तेवढं पुरे.

अबोली_२७

तीन महिन्यांनी या धाग्यावर येतेय. मुलगी झाली, २ किलो ९००. सध्या रत्नागिरीला माहेरी आहे. पुरळ बाळंतपणानंतर पंधरा दिवसांत गेलं. मालीशवाल्या मावशी रोज सकाळी येतात, शेक आणि ओव्याची धुरी देतात. मावशींनी पहिल्या दिवशी पोट पाहिलं आणि आईला म्हणाल्या, "तुझीच गं, अगदी तुझ्यासारखी." आई पलीकडे अळिवाचे लाडू वळत होती. तिथूनच तिने पातळ कमरेवरून जरा खाली सरकवलं आणि माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तिचे पांढरे, माझे अजून जांभळट, पण वळण तेच. डाव्या अंगाला जास्त, उजवीकडे कमी.

गोदाकाठ काकू, तुमचं वाचून मामाकडून कुडाळहून मुठेल मागवलं होतं. पोटावरच्या रेघांना काही फरक नाही. टाचा मात्र आठ दिवसांत भरून आल्या.